मश्रूमची पावडर आणि दादाची गोळी

माझ्या मश्रूमच्या पाकिटावर मी एक ओळ छापून घेतली होती, 'यकृतासाठी उत्तम'. हिंगोलीच्या प्रेसवाल्याने विचारलं होतं, मॅडम, खाली जागा उरतेय, अजून काही टाकायचं का? मी म्हटलं, टाका हे. एवढ्या विचारावर ती ओळ छापली गेली. तिच्यापायी माझा सख्खा भाऊ मरता मरता वाचला, आणि ती लिहिणारी मी हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावच्या शाळेत वीस वर्षं विज्ञान शिकवतेय. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या अडाणीपणाची गोष्ट चालली आहे असं पुढे कुणाला वाटायला नको.

मश्रूमचा नाद मला कोरोनात लागला. शाळा बंद होती, घरामागची पत्र्याची खोली रिकामी होती, आणि हात रिकामे असले की माझं डोकं फिरतं. आमच्याकडे सोयाबीन निघालं की कुटाराचे, म्हणजे मळणीनंतरच्या भुशाचे, ढीग पडतात. ते कुटार भिजवायचं, उकळत्या पाण्यातून काढायचं, निथळलं की प्लास्टिकच्या पिशव्यांत थर देऊन भरायचं आणि थराथरात मश्रूमचं बी टाकायचं. खोलीत ओले गोणपाट टांगून गारवा ठेवायचा. दोन-तीन आठवड्यांत पिशवी आतून पांढरी होते, आणि मग भोकांतून शिंपल्यांसारखे झुपके बाहेर येतात. ही ढिंगरी. गावाने पहिलं वर्षभर माझी यथेच्छ टिंगल केली. 'म्याडम कुत्र्याच्या छत्र्या लावून राहिल्या' हे मी पाठीमागून इतक्यांदा ऐकलं की शेवटी वर्गात मीच ते सांगून पोरांना हसवायला लागले. विकून उरलेली ढिंगरी मी वाळवायची, दळायची आणि पाकिटांत भरायची.

मश्रूम लागवडीच्या प्रशिक्षणाला गेले होते तिथे पडद्यावर एक चित्र दाखवलं होतं. मधोमध मश्रूम, त्यातून बाण निघालेले, एक हृदयाकडे, एक मेंदूकडे, एक यकृताकडे. माझ्या वर्गातल्या पोराने असं चित्र काढून आणलं असतं तर या बाणाला आधार काय, असं विचारून मी वही परत केली असती. तिथे मात्र मान डोलावली आणि सगळे बाण वहीत उतरवून घेतले. आपल्याला हवं ते कुणी सांगितलं की माझ्यासारखी भांडकुदळ बाईसुद्धा किती गुणी विद्यार्थिनी होते, ते मला तेव्हा कळलं नाही.

मला तो यकृताकडचा बाण हवा होता, कारण दादा.

दादा माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. गोरेगाव ते सेनगाव आणि तिथून हिंगोली अशी जीप चालवतो. मला बी. एस्सी. करायला हिंगोलीला त्यानेच पाठवलं. रोज सकाळी पुढच्या सीटवर माझी जागा धरलेली असायची आणि कितीही गर्दी असली तरी तिथे तो दुसऱ्या कुणाला बसू द्यायचा नाही. काही वर्षांपूर्वी चौदा एप्रिलच्या जयंतीच्या रक्तदान शिबिरात त्याने रक्त दिलं, आणि पंधरा दिवसांनी रक्तपेढीतून फोन आला की भेटून जा. हेपॅटायटिस बी निघाला, बी प्रकारची कावीळ. अंग पिवळं नाही, ताप नाही, माणूस ठणठणीत, आणि आत विषाणू वर्षानुवर्षं मुक्काम ठोकून बसलेला. नांदेडच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या. यकृत थोडं कडक व्हायला लागलं होतं. रोज एक गोळी सुरू झाली. आम्ही निघताना डॉक्टर पुन्हा म्हणाले, बरं वाटलं म्हणून बंद करायची नाही, मी सांगेपर्यंत नाही. वहिनीची आणि मुलांची तपासणी झाली, ती सगळी स्वच्छ निघाली, त्यांना लसी दिल्या.

दादाने आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. आमच्या वडिलांनी जयंतीच्या दिवशी त्याच्याकडून तसा शब्द घेतला होता आणि त्याने तो पाळला. पण लिव्हर म्हटलं की गाव एकच समजतं. म्हणून त्याने हे कुणाला सांगितलं नाही. गोळ्यांची बाटली जीपमध्ये सीटखाली फडक्यात गुंडाळून ठेवायचा आणि रिकाम्या गाडीत बसून गोळी घ्यायचा. दारू न पिणाऱ्या माणसाने चोरून गोळी घ्यावी, याचा मला फार राग यायचा. गावाचाही आणि त्याचाही.

अशात माझी पावडर तयार झाली. पहिलं पाकीट मी त्याच्याच हातात दिलं. म्हटलं, रोज एक चमचा ताकातून घे, यकृताला चांगली असते.

"पथ्य काय?" त्याने विचारलं.

"पथ्य कसलं, तेलकट जरा कमी खा."

त्याच्यासाठी काहीतरी करता आलं याचा मला इतका आनंद झाला होता की त्याने पथ्य का विचारलं, हे मला सुचलंसुद्धा नाही.

आमच्या भागात कावीळ झाली की माणूस आधी डॉक्टरकडे जात नाही. कुठल्या ना कुठल्या गावात कुणीतरी म्हातारा रविवारी सकाळी अनशापोटी मुळीचा रस देतो. पैसे घेत नाही, त्यामुळे त्याच्यावर कुणी संशय घेत नाही. त्याचे नियम मात्र कडक असतात. तेल नाही, तिखट नाही, हळद नाही. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे दुसरं कोणतंही औषध पोटात जाता कामा नये, नाहीतर याचा गुण जातो. साधी कावीळ बहुतेकदा काही आठवड्यांत आपली आपणच उतरते, त्यामुळे म्हाताऱ्याला यश येत राहतं आणि नियम पक्के होत जातात. लहानपणी आम्ही दोघांनीही तो रस घेतला आहे. मी पुढे शिकले आणि ते सगळं मागे पडलं असं समजून चालले. दादाच्या घरात मात्र ते होतं तसंच होतं. माझी पावडर त्या घरात शिरली आणि काविळीचं औषध झाली.

एकदा रविवारी मी जेवायला गेले तर वहिनीने दादाच्या ताटात पांढरं वरण वाढलं. बाकी सगळ्यांना पिवळं. हळदीच्या या मुलखात, जिथे शेजाऱ्याकडे हळद शिजत असली तरी आपले कपडे वासाने भरतात, तिथे बिनहळदीचं वरण. मी ते पाहिलं आणि मनात म्हटलं, वा, वहिनी किती मनापासून करतात. पुढचा प्रश्न विचारला नाही. आजही ते ताट आठवलं की स्वतःचा संताप येतो.

तीन महिन्यांनी दादा सकाळी माझ्या दारात आला. उन्हात उभा होता आणि त्याचे डोळे पिवळेधमक दिसत होते. आठवडाभर अन्न जात नव्हतं, उलट्या होत होत्या, स्टेअरिंग फिरवताना हात गळत होते, आणि हे तो मला तेव्हा सांगत होता. मी शाळेत फोन केला, गाडी केली आणि त्याला घेऊन थेट नांदेड गाठलं.

डॉक्टरांनी डोळे पाहिले, पोट दाबून पाहिलं आणि विचारलं, "गोळी कधी बंद केली?"

"बंद नाही केली," मीच उत्तर दिलं. चांगलं ठणकावून दिलं. "माझा भाऊ गोळी चुकवत नाही."

दादा जमिनीकडे बघत होता. "तीन महिने झाले," तो म्हणाला.

डॉक्टरांनी लगेच सिस्टरला बोलावलं. रक्त काढायला सांगितलं, भरती करायला सांगितलं. मग विचारलं की दुसरं काही घेत होता का. मी पर्समधून पाकीट काढून टेबलावर ठेवलं. त्यांनी ते उलटसुलट करून वाचलं.

"हे कोण बनवतं?"

"मी."

"भाजी म्हणून मश्रूम खाल्लेले मला चालतात, मी स्वतः खातो," ते म्हणाले. "फक्त या शेवटच्या ओळीला आधार काय, तेवढं सांगा."

वीस वर्षं हा प्रश्न मी विचारत आले होते. मी पाकीट उचलून पर्समध्ये टाकलं. बाहेर येऊन मी बाकावर बसले आणि रडले, आणि त्यात दुःखाइतकीच लाज होती.

वॉर्डात दादाला सलाईन लागलं. विषाणूला गोळीचा लगाम होता, तो सुटल्याबरोबर त्याने उचल खाल्ली होती. मी त्याच्या उशाशी बसले आणि जमेल तितक्या हळू आवाजात विचारलं, "गोळी बंद कर असं तुला कुणी सांगितलं होतं?"

"सांगाया कशाला पायजे? काविळीच्या औषधावर दुसरं औषध चालत न्हाई, हे लेकराला बी माहीत हाय."

"मग मला एकदा विचारायचं तरी होतं."

"दुसऱ्यानं दिलं असतं तर विचारलं असतं, बाई. तू दिलं." मग म्हणाला, "आन् खरं सांगू का, त्या गोळीला शेवट न्हाई. तुझ्या औषधाला असंल, असं वाटलं."

दादा अकरा दिवस दवाखान्यात होता. पहिले चार दिवस डॉक्टर 'बघू' याच्यापुढे काही बोलत नव्हते. त्या दिवसांत दुपारी तो झोपला की मी फोनवर वाचत बसायचे. ठरवलंच होतं, त्या बाणाच्या मुळाशी जायचं. इंग्रजी अवघड होतं, अर्धे शब्द शोधावे लागत होते, तरी सोडलं नाही. मी स्वतःला एकच नियम घातला: प्रत्येक दाव्याला विचारायचं की हे कुणावर तपासलं.

बहुतेक ठिकाणी उत्तर आलं, बशीतल्या पेशींवर. नाहीतर उंदरावर. उंदराला आधी विष देऊन त्याचं यकृत बिघडवायचं, मश्रूमचा अर्क पाजायचा आणि रक्तातले आकडे उतरतात का ते बघायचं. पुष्कळदा उतरतात. हे काम खोटं आहे असं मी म्हणणार नाही, ते करणारी माणसं माझ्यापेक्षा कितीतरी प्रामाणिक आहेत, कारण शेवटी ती स्वतःच लिहितात की माणसांवर नीट तपासायला हवं. माणसांवरचे अभ्यास थोडे, गट लहान, काळ तोकडा. कुठे रक्तातले आकडे सुधारलेले दिसतात, कुठे काहीच फरक नाही. यकृत कडक व्हायचं थांबलं, माणसं जास्त जगली, असं भक्कमपणे दाखवणारं मला काही सापडलं नाही. शिवाय यातलं बरंचसं काम दुसऱ्याच जातीच्या मश्रूमवर झालेलं, लाकडासारख्या टणक आणि कडू. माझी ढिंगरी त्यात क्वचितच होती, आणि होती तिथे प्रयोगशाळेत काढलेला अर्क होता, मिक्सरमधून काढलेली पावडर नव्हती. काही माणसांचं यकृत मश्रूमची पावडर घेऊनच बिघडल्याच्याही नोंदी होत्या. ज्या गोळीला शेवट नाही म्हणून दादा कंटाळला, ती मात्र माणसांवर, पुष्कळ माणसांवर, वर्षानुवर्षं तपासलेली होती. आणि मश्रूमचं गुणगान करणाऱ्यांतही चालू गोळी बंद करा असं सांगणारा अभ्यास मला एकही दिसला नाही. ते आमच्या रविवारच्या म्हाताऱ्याचं शास्त्र होतं, आणि त्यावर माझ्या पाकिटाचा शिक्का बसला होता.

दादा सावरला. गोळी पुन्हा सुरू झाली, डोळ्यांचा पिवळेपणा हळूहळू गेला. पण नंतरच्या तपासणीत डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की यकृताचा कडकपणा वाढलाय आणि झालेलं नुकसान पूर्ण भरून येईल असं धरून चालू नका. आता दर सहा महिन्यांनी यायचं, आयुष्यभर. मी ऐकून घेतलं. त्या तीन महिन्यांची माफी मागून काही होणार नव्हतं, म्हणून मी कामाला लागले.

घरी पडलेल्या सगळ्या पाकिटांवरची ती ओळ खरडून काढली. सेनगावच्या एका किराणा दुकानात पाकिटं ठेवली होती, ती परत आणली आणि दुकानाच्या दारावर माझ्या हाताने लिहिलेला कागद लावला की ही पावडर औषध नाही, कुणी गोळ्या बंद केल्या असतील तर डॉक्टरांना भेटा. दुकानदार म्हणाला, म्याडम, स्वतःच्या पायावर काहून धोंडा पाडून घेऊन राहिल्या? मी म्हटलं, तो दुसऱ्याच्या पायावर पडलाय, मी उचलायला आलेय.

मग गावात ज्यांनी ज्यांनी पावडर नेली होती, त्यांच्या दारात गेले. प्रत्येकाला एकच विचारलं, तुमच्या आधीच्या गोळ्या चालू आहेत ना? बहुतेकांच्या होत्या. आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसणारे टेलर चाचा मात्र माझ्याकडे बघून समाधानाने हसले.

"तुमचं औषध चालू हाय तवर बीपीच्या बंद ठेवल्या, म्याडम. बराबर केलं ना?"

"चाचा, आत्ता उठा आणि डॉक्टरकडे चला. ते औषध नाही. वाळवलेली भाजी आहे ती."

चाचांनी सुईतला दोरा तोडला, चष्मा काढला. "मग भाजी हाय असं काहून लिहिलं न्हाई?" ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं. मी म्हटलं, चुकले. माझ्या सासरमाहेरात कुणी माझ्या तोंडून हा शब्द फारसा ऐकलेला नाही, पण त्या महिन्यात मी तो दारोदार म्हटला. चाचांना सोबत घेऊन सरकारी दवाखान्यात गेले, तेव्हा त्यांचं बीपी बघून सिस्टरने त्यांना तिथेच झोपवून घेतलं.

पाच महिन्यांनी दादा पुन्हा जीपवर बसला. परवा मी हिंगोलीहून त्याच्याच गाडीने परत येत होते, पुढच्या सीटवर. गाडी भरलेली होती. सेनगाव सोडल्यावर मागून एकजण एक बाटली पुढे करत दादाशी मोठ्याने बोलू लागला.

"दारू सोडली म्हणं तुमी. लई बरं केलं. माझ्या साडूनं कॅप्सूल धाडल्यात, मश्रूमच्या, लिव्हरला एक नंबर. हे घ्या आन् त्या गोळ्या-बिळ्या द्या सोडून."

गाडीतले दोघे-तिघे हसले. माझ्या तोंडात उत्तर तयारच होतं, पण दादाने हाताने मला थांबवलं. गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि मागे वळला.

"म्या दारू पेत न्हाई, कधी पेलो न्हाई," तो म्हणाला. "मला बी प्रकारची कावीळ हाय. रक्तात विषाणू हाय. त्याची गोळी रोज घ्यावी लागते, मरेपर्यंत घ्यीन. मधी बंद केली व्हती, तवा मरून राहिलो व्हतो. ज्याला माझ्या गाडीत बसायचं न्हाई त्यानं उतरावं, भाडं माघारी देतो."

कुणी उतरलं नाही. कॅप्सूलवाल्याने बाटली पिशवीत घातली. मीही मागे वळले, कारण अर्धंच खरं सांगून भागणार नव्हतं. म्हटलं, "गोळी बंद केली ती मी दिलेल्या पावडरीमुळे. मश्रूमची पावडर मी बनवली होती. पाकिटावर यकृतासाठी उत्तम असं मीच लिहिलं होतं आणि मला त्यातलं काही माहीत नव्हतं."

दादाने गाडी सुरू केली. मग सगळ्यात मागे बसलेली एक बाई, पदर पुढे ओढून, हळूच म्हणाली, "म्याडम, पांढरं पाकीट व्हतं का? हिरव्या अक्षराचं?"

"व्हय," मी म्हणाले. "कुठून घेतलं होतं?"

"सेनगावच्या दुकानातून. दोन-तीन पाकिटं आणून ठेवली व्हती. आमच्या मालकाला बी असंच रक्तात निघालंय. कुणाला सांगितलं न्हाई आमी."

"त्यांची गोळी चालू आहे का?"

तिने मान हलवून नाही म्हटलं.

दादाने तिला गाव विचारलं. ते फाट्यावरून आत होतं, आमच्या वाटेवर नव्हतं. बाकीच्यांना तो म्हणाला, तुमाला घरी जायला जरा उशीर व्हईल, आणि त्याने जीप फाट्यावरून आत घातली.